जांबडोहची शिंगखिंड

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला काळी जमीन संपते आणि टेकड्या सुरू होतात, तिथं जांबडोह हे आमचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला माळावरून एक जुनी भिंत गेली आहे. तिला चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. उजवीकडे ती कड्याला टेकते आणि डावीकडे नाल्याच्या घळीत उतरते. या भिंतीत मधोमध एक खिंड आहे. दोन गायी जोडीनं चालल्या तर शिंगाला शिंग लागणार नाही, एवढी रुंद. खिंडीच्या तोंडाशी एक चपटा दगड आहे, पाणी ओतून ओतून गुळगुळीत झालेला. भिंत किती वेळा ढासळली आणि किती वेळा रचली, पण खिंड कोणी बुजवली नाही. तिला फाटक बसवत नाहीत की काटे लावत नाहीत. आम्ही तिला शिंगखिंड म्हणतो.

भिंतीच्या खालचा सगळा माळ आता लेआउट झाला आहे. मुरुमाचे रस्ते, रंगीत झेंड्या आणि नंबर घातलेले सिमेंटचे खुंट. ‘धवल गोकुळ’ असं नाव आहे. गेटवर सिमेंटची एक पांढरी गाय उभी केली आहे, तिची शिंगं हातभर लांब आणि वर वळलेली. आमच्याकडची गवळाऊ गाय आखूड शिंगांची असते. मी निखाडे साहेबांना तसं सांगितलं होतं. ते म्हणाले, शहरातल्या लोकांना लांब शिंगं आवडतात.

निखाडे साहेब म्हणजे या लेआउटचे एजंट. आणि मी लटारू. जातीनं गवळी, वय बहात्तर. चार वर्षं या गेटवर कामाला होतो. साहेबांनी मला एक लाल फेटा आणून दिला होता. गाडी आली की तो बांधायचा, काठी खांद्यावर आडवी घ्यायची, पार्टीला माळ फिरवून दाखवायचा आणि खिंडीपाशी उभं राहून तिची गोष्ट सांगायची. लोक फोटो काढायचे. साहेब म्हणायचे, काका, जरा गुराख्यासारखे उभे राहा. पन्नास वर्षं गुरं राखली, पण गुराखी कसा उभा राहतो हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

आधी आमची चाल सांगतो. जांबडोहच्या शिवारात कोणीही जमीन विकली, तर रजिस्ट्रीच्या आधी विकणारा आणि घेणारा या खिंडीत येतात. घेणारा विचारतो, अजून काही राहिलं काय? असं तीनदा विचारायचं. आणि विकणाऱ्यानं त्या जमिनीबद्दल जे मनात धरून ठेवलं असेल, ते तोंडानं बोलून टाकायचं. कोणी सांगतो की विहिरीला चैत्रात पाणी राहत नाही. कोणी सांगतो की बांधावरचं चिंचेचं झाड माझ्या आईनं लावलं, ते तोडू नको. एकानं तर सांगितलं होतं की धुरा, म्हणजे शेताचा बांध, दोन हात सरकवून मी शेजाऱ्याची जमीन खाल्ली आहे, ती त्याला परत दे. सगळं सांगून झालं की घेणारा त्या चपट्या दगडावर तांब्याभर पाणी ओततो. मग तालुक्याला जायचं. या चालीपायी कित्येक सौदे खिंडीतच मोडले आहेत, म्हणून एजंट लोकांना ती आवडत नाही. पण गाव ऐकत नाही.

ही चाल का पडली, ते असं सांगतात.

फार जुन्या काळी या माळावर वस्ती नव्हती. कागद नव्हता, मोजणी नव्हती. ज्याची गुरं चरतात त्याचा माळ, एवढंच लोकांना ठाऊक होतं. तो माळ डोमा गवळ्याचा होता. वर टेकडीच्या खांद्यावर त्याचं आखर, म्हणजे गुरं बसवायची जागा, आणि खाली डोह. हा डोह कधीच आटला नाही, आजही आटत नाही. आखरावरून डोहाकडे जाणारी एकच वाट होती, गुरांच्या खुरांनी खोल गेलेली.

डोमाकडे साठ गायी होत्या म्हणे, आणि सगळ्या एका म्होरकीच्या मागं चालणाऱ्या. म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी गाय. तिचं नाव काजळी. अंगानं दुधासारखी आणि डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या. डोमानं तिला वासरूपणापासून दोन गोष्टी शिकवल्या होत्या. वाट सोडायची नाही, आणि कळपातलं शेवटचं वासरू पाणी पिऊन होईपर्यंत आपण पाण्याला तोंड लावायचं नाही. त्यामुळे डोमाच्या गुरांनी कोणाच्या पिकात तोंड घातलं असं पाच गावांत कोणी म्हणू शकत नव्हतं. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. दुसरा अभिमान त्याच्या हाळीचा. तो आखरावर उभा राहून हाळी द्यायचा तेव्हा दोन टेकड्यांपलीकडची गाय मान वर करायची, असं सांगतात.

मग दोन वर्षं लागोपाठ पाऊस गेला. डोहात पाणी होतं, पण माळावर काडी उरली नाही. गुरांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. डोहाच्या पलीकडच्या गावात उकंडराव पाटील नावाचा एक सुखवस्तू शेतकरी होता. त्याच्याकडे जुन्या कडब्याच्या गंजी होत्या. डोमा त्याच्याकडे गेला. दोघांची ओळख जुनीच होती आणि पाटील मनानं चांगला होता. सौदा असा ठरला की पाटलानं पाऊस पडेपर्यंत साठ गुरांना पुरेल एवढा कडबा द्यावा आणि डोमानं आखराच्या खालचा माळ त्याला द्यावा. वरचं जंगल गुरांना चरायला होतंच. डोमाच्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त गुरं जगवायची होती.

आता आमच्या लोकांची जनावर विकायची एक रीत आहे, ती इथं सांगावी लागते. गवळी गाय विकतो तेव्हा तिच्या खोडी सगळ्या सांगतो. लाथ मारते, दोर चावते, अंधाराला बुजते. पण तिच्यातलं जे सगळ्यात चांगलं, ते तो तोंडानं बोलत नाही. नजर लागते म्हणून. दूध किती देते हे घेणाऱ्यानं बघून ओळखायचं. आणि दुसरी रीत अशी की एकदा गाय विकली की तिच्या नव्या दारात पाऊल टाकायचं नाही. जुन्या मालकाचा आवाज ऐकला की गाय पान्हा चोरते. ती तिकडे विते, नवा मालक खरवसाचं भांडं पाठवतो, मगच जाणं-येणं सुरू होतं. त्याआधी तिच्याबद्दल चौकशीसुद्धा करायची नाही.

डोमानं आयुष्यात गायींशिवाय काही विकलं नव्हतं. जमीन कशी विकतात हे त्याला कोण सांगणार? त्यानं ती गाईसारखीच विकली.

पाटलाला घेऊन त्यानं चारी बाजू फिरवून दाखवल्या. इथं खडक वर आहे, नांगर तुटेल. इथं वारुळ आहे. इथं पावसाळ्यात पाणी तुंबतं. खोडी सगळ्या सांगितल्या. डोहाकडे जाणाऱ्या वाटेवरून दोघं चालत गेले, पण वाटेबद्दल डोमा एक अक्षर बोलला नाही. त्या माळात सगळ्यात चांगलं काय असेल तर ती वाटच होती. आणि पाण्याची वाट कोणी विकत नसतो, हे काय बोलून दाखवायचं, असंही त्याच्या मनात होतं. त्याच्या हिशेबी जे बोललो नाही ते माझं राहिलं. पाटील शेतकरी माणूस. त्याच्या हिशेबी जे राखून ठेवलं असं सांगितलं नाही, ते जमिनीबरोबर आलं. दोघांनी एकमेकांच्या हातावर हात ठेवला आणि दोघंही समाधानानं घरी गेले.

कडब्यावर गुरं जगली. साठातलं एकही दगावलं नाही. मृगात पाऊस लागला तसा डोमा कळप घेऊन वरच्या जंगलात गेला. तिकडे गवत होतं, झरे वाहत होते, खाली डोहावर यायचं काम नव्हतं. इकडे उकंडरावानं माळ मोडला. मणामणाचे दगड निघाले, ते त्यानं वरच्या बाजूला रचले. दगड टाकायचे तरी कुठं, आणि रानडुकरांपासून ज्वारीला राखण हवीच होती. दसऱ्यापर्यंत कड्यापासून घळीपर्यंत छातीएवढी भिंत उभी राहिली. त्या वर्षी ज्वारी अशी आली म्हणे की आत माणूस शिरला तर दिसत नव्हता.

दिवाळी झाली. वरचे झरे आटले आणि डोमा कळप घेऊन खाली निघाला. आदल्या दिवसापासून गुरांना पाणी मिळालं नव्हतं. आखर ओलांडलं तशी काजळी झपाझप चालू लागली, कळप तिच्या मागं. आणि वाटेच्या मधोमध भिंत आली.

काजळी थांबली. तिनं भिंतीच्या दगडांना नाक लावलं आणि तिथंच उभी राहिली. भिंतीपलीकडून डोहाच्या पाण्याचा वास येत होता. कळप तिच्या मागं उभा राहिला.

डोमानं तिला घळीकडून वळवायचा प्रयत्न केला. तिकडून चार कोसांचा फेर होता आणि तोही दुसऱ्यांच्या उभ्या पिकातून. काजळी हलली नाही. त्यानंच तिला शिकवलं होतं, वाट सोडायची नाही. त्यानं काठी उगारली, पण मारवली नाही. म्होरकी हलत नाही म्हटल्यावर बाकीची कशाला हलतात?

पाटलाकडे जाऊन एक शब्द सांगितला असता, की पाटील, एवढी वाट मोकळी करा, तर काम झालं असतं. हे डोमाला कळत नव्हतं असं नाही. पण माळ विकलेला होता. त्यातलं पहिलं पीक अजून निघालं नव्हतं. पाटील पहिली पायलीभर ज्वारी पाठवेल, जशी खरवस येते तशी, आणि मग आपण त्याच्या दारात जाऊ, असं डोमा धरून बसला होता. कणसं भरली होती, काढणीला आठ दिवस होते. आठ दिवसांपूर्वी दारात जाणं म्हणजे विकलेल्या वस्तूवर नजर ठेवणं. भिंतीला हात लावणं तर चोरीच झाली. आणि पायलीभर ज्वारी पाठवायची असते, हे पाटलाला बिचाऱ्याला कोणी सांगितलं होतं?

डोमाची बायको बयना. तिनं पहिल्या दिवशी समजावून सांगितलं, दुसऱ्या दिवशी भांडली. मी जाते म्हणाली, तर डोमानं शपथ घातली. मग ती तो चार कोसांचा फेर घेऊन डोहावरून एक घागर भरून घेऊन आली आणि काजळीपुढं ठेवली. काजळीनं पाण्याचा वास घेतला आणि मान फिरवली. मागं साठ जनावरं तहानलेली होती. तिनं तोंड लावलं नाही.

या गोष्टीत सगळ्यात वाईट मला काय वाटतं, ते सांगतो. उकंडराव हे सगळं बघत होता. तो राखणीला मचाणावर बसलेला असायचा. संध्याकाळी त्यानं पाहिलं की भिंतीच्या पलीकडे डोमाचा पांढरा कळप नुसता उभा आहे, डोमाही उभा आहे, आणि एकही गाय भिंतीवरून मान काढून पिकाला तोंड लावत नाही. त्याला वाटलं, डोमा आपला जुना माळ बघायला आला आहे. दिलेल्या लेकीचं घर माणूस लांबून बघतो, तसा. आपण हाक मारली तर तो संकोचेल. म्हणून पाटलानं तोंड दुसरीकडे फिरवलं. घरी जाऊन त्यानं जेवताना कौतुकही केलं म्हणे, की गुरं असावीत तर डोमासारखी. दुसऱ्या दिवशीही कळप तिथंच दिसला. दुसऱ्या दिवशीही त्यानं तोंड फिरवलं.

दोन भली माणसं, मध्ये छातीएवढी भिंत, आणि दोघंही एकमेकांचा मान राखत उभी. मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल, पण इथं आलो की मला दोघांचाही राग येतो.

चौथ्या दिवशी सकाळी बयना उठली आणि डोमाला म्हणाली, “जनावराले बोलता येत नाई म्हणून ते उभं हाये. तुमाले त तोंड हाये.” मग तिनं शपथ मोडली. डोह ओलांडून पाटलाच्या दारात गेली आणि ओसरीवर बसलेल्या पाटलाला सगळं सांगितलं.

पाटलाच्या पायात वहाणाही नव्हत्या असं सांगतात. खांद्यावर लोखंडी सब्बल घेऊन तो उभ्या ज्वारीतून धावत आला. आपल्याच हातानं रचलेली भिंत त्यानं आपल्याच हातानं फोडली. बोटं सोलून निघाली. दोन गायींएवढी जागा झाली आणि त्यानं डोमाला हाक मारली की सोड गुरं.

काजळी पुढं झाली. पण ती गेली नाही. खिंडीत शिरून ती एका अंगाला उभी राहिली आणि तिनं कळपाला जाऊ दिलं. एकेक गाय तिच्या पोटाला घासून ज्वारीतून खाली पाण्याकडे पळाली. चार दिवसांची तहान होती, पण तिनं कोणाच्या पुढं पाऊल टाकलं नाही. सगळ्यांत शेवटी एक लंगडं वासरू होतं. ते गेलं, खाली डोहावर पोचलं, पाणी प्यायलं. मग काजळीनं पाऊल उचललं, आणि ती तिथंच खाली बसली. पुन्हा उठली नाही. तो चपटा दगड आहे ना, तो तिथं आहे.

पाटील तिच्या डोक्याशी बसला. मग तो म्हणाला, “डोमा, एक शब्द टाकला असता, त मी हे भिंत उभीच केली नसती.”

“विकल्या गाईच्या दारात आमच्यात जात नसते, पाटील.”

“अन् वाट तू ठेवून घेतली व्हती, हे तरी त्या दिवशी बोलायचं.”

डोमा म्हणाला, “चांगलं ते तोंडानं बोलत नाई. नजर लागते.”

पाटलानं काजळीकडे पाहिलं आणि विचारलं, “अजून काही रायलं काय? आज बोलून टाक.”

डोमानं सांगितलं की वाट राहिली होती. पाटलानं पुन्हा विचारलं. डोमानं सांगितलं की पायलीभर ज्वारीची वाट पाहत होतो. पाटलानं तिसऱ्यांदा विचारलं. ज्याची हाळी दोन टेकड्यांपलीकडे जायची, त्याचा आवाज हातभर अंतरावर पोचत नव्हता.

“दोन दिवस तू मचाणावर दिसत व्हता,” तो म्हणाला. “हाळी द्यावं वाटत व्हतं मले. देल्ली नाई.”

पाटील उठला, डोहावरून तांब्याभर पाणी आणलं आणि काजळीच्या तोंडावर ओतलं. माळ परत घे, म्हणून त्यानं डोमाला परोपरीनं सांगितलं. डोमानं घेतला नाही. कडबा खाऊन झाला होता, सौदा पुरा झाला होता. तेव्हा पाटलानं तिथंच शपथ घेतली की ही खिंड माझ्या वंशात कोणी बुजवणार नाही, आणि या शिवारात इथून पुढं जो कोणी जमीन विकेल, त्याला घेणाऱ्यानं या जागी तीनदा विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही. खिंडीपासून डोहापर्यंतची वाट त्यानं नांगराखाली आणली नाही. ती वाट गुरांची, असं ठरलं.

डोमाकडे गुरं राहिली, पण कळप राहिला नाही. त्यानं दुसरी म्होरकी शिकवली नाही. कशी शिकवणार? वाट सोडू नको म्हणून सांगायला त्याची जीभ रेटेना. गुरं फाकली, लोकांच्या पिकात जाऊ लागली, तक्रारी येऊ लागल्या. एकेक करून त्यानं ती विकली. आणि दर गाय विकताना, म्हणे, ती दूध किती देते हे तो मोठ्यानं सांगायचा. लोक हसायचे.

आम्ही जांबडोहचे गवळी स्वतःला त्या डोमाचे म्हणवतो. खरं-खोटं कोणी सांगावं. पण पुढं पाटलाच्या वंशजांकडून घेतलेली, खिंडीच्या लगेच खालची तीन एकर जमीन पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात होती. ती वाट तिच्यातूनच जायची. माझ्या हातानं मी त्या वाटेवरून गुरं नेली. शेवटी एकच गाय राहिली होती, तीही सहा वर्षांपूर्वी विकली. तिचं दावं घरात आहे. गाय देतात, दावं देत नाहीत.

चार वर्षांपूर्वी तो माळ लेआउटमध्ये जायला लागला. माझा मुलगा श्रावण नागपूरला असतो, त्याला तिथं घर करायचं होतं. तो वाईट बोलला नाही, हट्टही केला नाही. पण दर रविवारी यायचा आणि काही न बोलता परत जायचा. मी हो म्हटलं. गावानं निखाडे साहेबांना चाल सांगितली, आणि तेही हसत हसत खिंडीत आले. एका हातात फोन होता. त्यांनी एका दमात विचारलं, अजून काही, अजून काही, अजून काही?

मला ठाऊक होतं की त्यांच्या नकाशात वाट नाही. वाट असेल तर दोन प्लॉट जातात, नकाशा नव्यानं करावा लागतो, सौदा लांबतो, कदाचित मोडतो. श्रावण शेजारी उभा होता. मी म्हणालो, काही नाही.

तीनदा विचारलं, तिन्हीचं उत्तर मी एकदमच दिलं. साहेबांनी बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं आणि आम्ही तालुक्याला गेलो.

खिंड त्यांनी बुजवली नाही. गावानं बुजवू दिली नसती. पण खिंडीतून पलीकडे पाऊल टाकलं की समोर सिमेंटचा खुंट आहे, सत्तावीस नंबरचा. वाट त्याच्या खाली गेली.

मग त्याच गेटवर मला काम मिळालं. साहेबांनी गोष्ट सांगायला परवानगी दिली होती, पण गाई पाणी प्यायल्या तिथं थांबा म्हणाले, म्हणजे शेवट गोड होतो. मी तसंच करत होतो. उकंडरावानं भिंत फोडली, गाई पाण्यावर गेल्या, लोक टाळ्या वाजवायचे.

मागच्या महिन्यात नागपूरहून एक जोडपं आलं. बाई शाळेत शिकवतात, त्यांचे यजमान बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांना सत्तावीस नंबर फार आवडला. खिंडीतून खाली डोह दिसतो, म्हणून. यजमान नकाशा उलगडून कंपाउंडची भिंत कुठून कुठवर येईल ते बघत होते. मी गोष्ट सांगितली आणि नेहमीच्या जागी थांबलो.

बाईंनी विचारलं, “आणि ती पुढची गाय? ती प्यायली का पाणी?”

चार वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी पुढची गोष्ट सांगितली. चालही सांगितली. बाई दगडाकडे बघत राहिल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “काका, ही जमीन तुमचीच होती ना? तुमचं काही सांगायचं राहिलं होतं का?”

मी फेटा काढून हातात घेतला. म्हणालो, “ताई, तुमी जिथं उभ्या हा, ते वाट हाये. गुराईची. मी ते सांगतली नाई. तीन खेप इचारलं व्हतं मले, मी काही नाई म्हणलो. हा पलाट घेतला त डाव्या अंगानं दोन गाई जातीन एवढी जागा सोडजा. जाणारी गाय आता गावात नाई. तरी सोडजा.”

यजमानांनी नकाशाची घडी घातली. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि त्या दगडावर ओतली. पाणी घेणाऱ्यानं ओतायचं असतं, आणि त्यांनी तो प्लॉट घेतला नाही. पण ओतलं ते बरं केलं. चार वर्षं तो दगड मला कोरडा वाटत होता.

निखाडे साहेबांना संध्याकाळपर्यंत कळलं. ते ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, उद्यापासून नका येऊ. फेटा त्यांचा होता, तो मी दिला. काठीला त्यांनी हात घातला तेव्हा मात्र सांगितलं की ही माझी आहे.

आजही शिंगखिंड उघडी आहे. तिच्यातून गाय जात नाही, कारण गावात गाय नाही, आणि पलीकडे जायला वाट नाही. गेटवरच्या सिमेंटच्या गायीला मात्र दर दिवाळीला नवा रंग देतात. मी रोज सकाळी भाकरी खाऊन खिंडीत जाऊन बसतो. गाड्या येतात, लोक उतरतात, सत्तावीस नंबरच्या खुंटापाशी उभे राहून डोहाकडे बघतात. मी उठून त्यांच्याकडे जातो आणि वाट कुठून जात होती ते सांगतो. कोणी तीनदा विचारील याची मी आता वाट बघत नाही.